परभणी ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर १३ हजार किमी, मग तिकिटावर २२ ते २९ तास कसे काय?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी धाकटी बहीण सॅन फ्रान्सिस्कोजवळ सनीवेलला राहते, जूनमध्ये तिचं बाळंतपण आहे. आई मे महिन्यात तिकडं जायलीय. वय ६७, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात, मराठी सोडून थोडंफार हिंदी येतं बस्स. विमानात आजवर बसलेली नाही. आणि एकटीच जाणार आहे, कारण व्हिसा फक्त तिचाच झालाय. मला रात्री झोप लागंना खरं सांगायचं तर.

तर प्रश्न असा की परभणी ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे १३,४०० किमी दाखवतंय, विमान ताशी ९०० नं जातं असं सगळीकडं लिहिलेलं आहे, म्हणजे भागाकार केला तर १५ तास. पण मला मुंबईहून जी तिकिटं दिसायलीत त्यात एक दुबईमार्गे २१ तास ४० मिनिटं, एक फ्रँकफर्टमार्गे साडेतेवीस तास, आणि सगळ्यात स्वस्त हाँगकाँगमार्गे, जाताना २६ तास आणि येताना २९. एकाच रस्त्यानं जाताना २६ आणि येताना २९ कसं? आणि एका तिकिटावर बुधवारी निघून बुधवारीच दुपारी पोचणार असं आहे, हे बरोबर आहे का छापायची चूक? पैशाचा प्रश्न नाही असं नाही, पण आईला कमीत कमी त्रास व्हावा एवढंच डोक्यात आहे. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

भूगोल_मास्तर

तुमचा भागाकार बरोबर आहे, फक्त तो दोऱ्याचा आहे, विमानाचा नाही. सांगतो.

३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी एक प्रयोग करून घ्यायचो. भिंतीवरच्या नकाशावर भारतातून अमेरिकेला रेघ काढा म्हटलं की सगळी पोरं आडवी रेघ काढायची, अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक करत. मग कपाटातला पृथ्वीगोल टेबलावर ठेवायचो आणि शिवणकामाचा दोरा द्यायचो. दोऱ्याचं एक टोक मराठवाड्यावर अंगठ्यानं दाबायचं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणायचा. ताणला की तो आपोआप सरकत सरकत वर उत्तरेला जातो आणि तिथंच बसतो. परभणीहून निघालेला हा दोरा जवळजवळ उत्तरेलाच तोंड करून जातो, हिमालय, पश्चिम तिबेट, मग चीनचा शिनजियांग, सैबेरिया, आर्क्टिक समुद्राचा काठ, अलास्का, आणि वरून खाली उतरत कॅलिफोर्निया. युरोप नाही का जपान नाही. तुम्हाला दिसलेले १३,४०० किमी म्हणजे हा ताणलेला दोरा.

कारण साधं आहे. परभणी ७७ पूर्व रेखांशाच्या जवळपास, सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिम. बेरीज १९९, म्हणजे १८० च्या आसपास. पृथ्वीच्या जवळजवळ पल्याडच्या अंगाला. म्हणून पूर्वेकडून गेलं काय आणि पश्चिमेकडून गेलं काय, फार फरक पडत नाही, आणि सगळ्यात जवळचा रस्ता डोक्यावरून.

बुधवारी निघून बुधवारी पोचणं ही छापायची चूक नाही. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं, मे महिन्यात कॅलिफोर्नियाची ७ तास मागं. फरक साडेबारा तास. त्यातला अर्धा तास आपल्यामुळं आलेला आहे, आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे म्हणून. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागं घेतात, मग मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेतेरा तास. परतीचं तिकीट दिवाळीनंतरचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

उदगीरचा_गडी

मास्तर, तुमचा दोरा मी पण ताणलेला आहे, तुमच्या शाळेत नाही पण उदगीरच्या शाळेत. आता पोटापाण्यासाठी तेच करतो, एका विमान कंपनीत डिस्पॅचला आहे, म्हणजे रोज विमानाचा रस्ता आणि इंधन ठरवायचं काम. पूर्णाकाठ दादा, तुमचे १५ तास कुठं कुठं वाढतात ते बघा.

पहिलं म्हणजे तो दोरा जातो त्या रस्त्यानं विमान जातच नाही. तिबेटवरून शक्यतो कुणी जात नाही, कारण आतला हवेचा दाब बिघडला तर विमानाला लगेच १० हजार फुटांवर उतरावं लागतं आणि तिथं खाली जमीनच १५ हजार फुटांवर आहे, उतरणार कुठं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना बंद आहे. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या कंपन्यांना बंद झालं, त्यामुळं दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना मोठा वळसा पडला आणि काहींना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. मुंबईहून आखातात जाणाऱ्याला त्याचा त्रास कमी, ते विमान तसंही अरबी समुद्रावरूनच जातं.

दुसरं, मधे उतरायचं म्हटलं की अंतर वाढतंच. मुंबई ते दुबई १,९३० किमी आणि दुबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,०४० च्या आसपास, मिळून १५ हजार. फ्रँकफर्टमार्गे साडेसहा हजार अधिक सव्वानऊ हजार, म्हणजे पावणेसोळा. हाँगकाँगमार्गे ४,३०० अधिक ११,१००, साडेपंधराच्या आत. सिंगापूरमार्गे साडेसतरा हजार. हे सगळे दोरे ताणलेले आकडे, प्रत्यक्षात उड्डाण थोडं जास्तच होतं.

तिसरं, तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. गेटवरनं विमान ढकलायला सुरुवात झाली तिथपासून पलीकडच्या गेटला उभं राहीपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीची रांग, उतरताना घिरट्या, सगळं त्यात धरलेलं. आणि वरून मधला थांबा. तुमच्या दुबईच्या तिकिटात दोन्ही विमानांचे गेट ते गेट मिळून १९ तास १० मिनिटं आहेत आणि थांबा अडीच तासांचा, झाले २१ तास ४० मिनिटं.

आता २६ आणि २९. हे वाऱ्यामुळं. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याची एक नदीच वाहते, जेट स्ट्रीम म्हणतात तिला. ताशी २०० किमी सहज, हिवाळ्यात जपानच्या बाजूला ३०० च्या वर. आपण जे ९०० म्हणतो ते हवेच्या तुलनेत. हवाच जर २०० नं तुमच्या दिशेनं पळायली तर जमिनीवरून बघणाऱ्याला विमान ११०० नं जाताना दिसतं, आणि उलट दिशेला ७०० नं. गोदावरीला पूर असताना होडी प्रवाहाबरोबर घाला आणि उलटी वल्हवा, तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी १,२९० किमीपर्यंत गेला होता. इंजिनानं काही जादा केलेलं नव्हतं, पाठीमागून वारा होता. म्हणून हाँगकाँग ते सॅन फ्रान्सिस्को पूर्वेकडं साडेबारा तासात होतं आणि परतीला पावणेपंधरा.

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एअर इंडियाचं. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू झालं, ते अटलांटिकवरून जायचं, १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाताना पॅसिफिकचा रस्ता धरला, १५,३०० किमी. म्हणजे १,४०० किमी जास्त उडायचं आणि तरी जवळपास दोन तास आधी पोचायचं, साडेचौदा तासात! वारा पाठीशी घेतला म्हणून. आमच्या कामात नवीन पोरगं आलं की मी त्याला आधी हेच सांगतो, किलोमीटर बघू नको, वारा बघ.

सोनपेठकर

ही वाऱ्याची नदी कुणाला सापडली पहिल्यांदा?

उदगीरचा_गडी

जपानी हवामानशास्त्रज्ञ होते, वासाबुरो ओइशी. १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून मोजायचे. त्यांनी निष्कर्ष एस्पेरांतो नावाच्या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापले, सगळ्या जगाला वाचता यावं म्हणून, आणि ती भाषा फारशी कुणी वाचत नव्हतं. पुढं दुसऱ्या महायुद्धात उंचावरनं उडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना जपानवर हा वारा अंगावर घ्यावा लागला तेव्हा जगाला कळलं. इतकं मोठं काम करून माणूस बाजूला राहिला याचं मला फार वाईट वाटतं.

गोदातीर_नांदेड

सगळं जग मोजलं पण परभणी ते मुंबई कुणी मोजलं का? मी नांदेडचा, मुलगा डॅलसला, आतापर्यंत तीनदा जाऊन आलो. आपल्याकडच्या माणसाची खरी दमछाक पहिल्या साडेपाचशे किलोमीटरात होते. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर जायचं, पहाटे दादरला उतरायचं, दिवसभर कुणाच्या तरी घरी बसायचं आणि मध्यरात्री विमानतळ, म्हणजे विमानात पाऊल टाकायच्या आधीच माणूस २४ तास जागा. आम्ही नांदेडचे, देगलूर, उदगीर, लातूरचे लोक म्हणूनच हैदराबादला जातो. नांदेडहून शमशाबाद गाडीनं पाच-साडेपाच तास, संध्याकाळी जेवून निघालं तरी मध्यरात्रीआधी विमानतळावर. तिथनं दुबई, दोहा, अबू धाबी, लंडन सगळं आहे. परभणीहून पण विचार करा की.

पूर्णाकाठ

काका विचार केला होता. पण ठाण्याला सख्खी मावशी आहे, आईला एक रात्र तिच्याकडं झोप मिळेल आणि मावसभाऊ विमानतळावर सोडायला येईल. हैदराबादला ओळखीचं कुणी नाही. शिवाय आता नांदेडहून वंदे भारत आहे मुंबईला, परभणीहून पहाटे बसलं की दुपारी ठाणे, बसून जायचं पण दिवसाचं.

गोदातीर_नांदेड

मावशी असेल तर विषयच संपला. मुंबईच बरी. पण त्याच दिवशी नका जाऊ, एक रात्र मधे ठेवाच.

जालना_जुना_मोंढा

एक रात्र मधे ठेवा हे शंभर वेळा लिहितो. आमचं काय झालं ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं होऊ नये.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आईवडलांना कॅनडाला पाठवायचं होतं. मी हुशारी केली, चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, मुंबईचं तिकीट वेगळं काढलं आणि मुंबईहून पुढचं वेगळं, सात हजार वाचले. मधे पाच तास होते, वाटलं भरपूर झाले. त्या दिवशी विमान चार तास उशिरा निघालं. मुंबईत उतरून, सामान घेऊन, टर्मिनल बदलून हे दोघं काउंटरला पोचले तेव्हा तो बंद झालेला. पहिल्या कंपनीनं सांगितलं आमची जबाबदारी मुंबईपर्यंतच, दुसरीनं सांगितलं प्रवासी वेळेत आलेच नाहीत. दोघांचं म्हणणं कागदावर बरोबर होतं. वडील ७२ वर्षांचे, रात्री अडीच वाजता ट्रॉलीवर बसून मला फोनवर म्हणाले, "बाळा, आता काय करायचं ते सांग." तो आवाज अजून कानात आहे. नवीन तिकिटांना एक लाख चाळीस हजार गेले.

एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर मधे उशीर झाला की पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असते आणि सामानही सहसा थेट शेवटच्या गावापर्यंत जातं. वेगवेगळी तिकिटं काढली तर त्यातलं काहीच नाही. आता तर समृद्धी जून २०२५ पासून पार मुंबईच्या तोंडापर्यंत उघडली, जालन्याहून गाडीनं सकाळी निघालं तर दुपारी ठाण्यात. मी तर आता तसंच करतो.

चिकलठाणा_रनवे

आणखी एक, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. तिकिटावर कोणतं विमानतळ आहे ते डोळे फाडून बघा, बीओएम म्हणजे जुनं मुंबई आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई. दोन्हीत शहराच्या ट्रॅफिकमधला दीड-दोन तासांचा रस्ता आहे.

आणि तारीख! बुधवार पहाटे ४:२० चं विमान म्हणजे मंगळवारी रात्री घर सोडायचं. आमच्या ओळखीत एक कुटुंब बुधवारी रात्री पोचलं होतं. तुम्ही घरच्या कॅलेंडरवर मंगळवारालाच गोल करा.

डॉ_अंबडकर

वैद्यकीय बाजू थोडक्यात, पण आईंना तपासणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचाराच, मी त्यांना पाहिलेलं नाही.

विमानात आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो आणि हवा फार कोरडी. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं. आपल्या बायका बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, गुडघे दुखत असतील तर उठायचं टाळतात, आणि तिथंच धोका आहे, कारण १६ तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून सीट आयलची, म्हणजे मधल्या वाटेकडची घ्या, म्हणजे कुणाला उठवावं लागणार नाही. दीड-दोन तासांनी एकदा उभं राहायचं, बसल्या जागी टाचा वरखाली करायच्या. आमच्या पेशंटला मी सांगतो, शिलाई मशीन चालवताना पाय हलतो तसा हलवत राहा, लगेच कळतं. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून.

बीपीची गोळी घड्याळ बघून घ्यायची नाही, शेवटची गोळी घेतल्यावर किती तास झाले ते बघून घ्यायची, आणि तिकडं गेल्यावर हळूहळू तिथल्या सकाळवर आणायची. हे वेळापत्रक कागदावर लिहून द्या. गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, सोबत इंग्रजीतली चिठ्ठी. मोठ्या बॅगेत औषध कधीही नको, बॅग चुकली तर काय करणार.

साडेबारा तासांचा फरक म्हणजे दिवसाची रात्र. शरीर रोज साधारण एक तास सरकतं, त्यामुळं दहा-बारा दिवस रात्री तीनला जाग येणार हे आईंना आणि बहिणीलाही आधीच सांगून ठेवा. सकाळचं ऊन अंगावर घेतलं की लवकर बसतं.

बे_एरियातली_जाफ्राबादी

पूर्णाकाठ दादा, मी सनीवेलच्या शेजारीच राहते, माझी आई दोनदा आली, दोन्ही वेळा एकटी. मी काय केलं ते सांगते.

व्हीलचेअर सांगाच. फुकट असते, तिकीट काढतानाच नोंदवायची. माझी आई म्हणाली होती, मी काय लुळी-पांगळी आहे का. तिला सांगितलं, खुर्ची पायासाठी नाही, रस्ता चुकू नये म्हणून आहे. मुंबईत चेक-इनपासून ते माझ्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी कुणीतरी माणूस सोबत होता, मधल्या विमानतळावर ट्रेन बदलायची होती ते तिला कळलंही नाही.

एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा करा. एका बाजूला इंग्रजीत : मी मराठी बोलते, मला शाकाहारी जेवण लागतं, मला बीपी आहे, मला सॅन फ्रान्सिस्कोला जायचंय, माझ्या मुलीचा फोन नंबर. दुसऱ्या बाजूला तेच मराठीत, म्हणजे कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं ते आईला कळेल. छोट्या दोरीनं गळ्यात. जेवणाची नोंद पण आधीच करायची, हिंदू व्हेज असा पर्याय असतो.

आता लाडूंचं. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू येणारच. पण दुबईमार्गे जाणार असाल तर त्यात खसखस घालू नका! तिकडं खसखस कायद्यानं बंद आहे, अफूच्या बोंडातली म्हणून, सिंगापुरातही. आपल्याला ती रोजची वस्तू वाटते पण तिथं गुन्हा आहे. दुसरं, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात चालत नाहीत, तेलकट असल्यानं पेट घेऊ शकतात म्हणून काढून टाकतात. खोबरं इथं मिळतं, आईला सांगा तिकडून ओझं नको. अळीव, सुंठ, ओवा बंद पाकिटात आणा आणि कस्टमच्या वेळी खाण्याचं सामान आहे असं सरळ सांगायचं. ताजी फळं, भाज्या, बियाणं, मांस बिलकुल नको. लोणचं मोठ्या बॅगेतच, हातातल्या पिशवीत १०० मिलीच्या वर पातळ काही चालत नाही.

आणि थांबा एकच असू द्या, तो पण अमेरिकेबाहेर. अमेरिकेत ज्या शहरात पहिल्यांदा उतरता तिथंच इमिग्रेशन होतं आणि बॅगा उचलून परत द्याव्या लागतात. न्यूयॉर्कमध्ये बदलायचं स्वस्त तिकीट मिळतं पण एकट्या आईला ते नको. दुबई, फ्रँकफर्ट, हाँगकाँग, कुठूनही थेट इथंच उतरवा. अबू धाबीत अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच होतं, तिथून इथं थेट विमान मिळत असेल तर ते पण बरं, पण तिथं थांबा चांगला तीन-चार तासांचा हवा.

अधिकाऱ्यानं विचारलं की कशाला आलात तर जे खरं ते : मुलीकडं आले, तिला बाळ होणार आहे, ऑक्टोबरात परत जाणार. परतीचं तिकीट छापून सोबत.

पूर्णाकाठ

ताई, तुमची पोस्ट प्रिंट काढून आईला वाचून दाखवली. खसखशीचं ऐकून ती उठून आत गेली आणि भाजून ठेवलेली वाटी कपाटात परत ठेवली. खुर्ची पायासाठी नाही, रस्त्यासाठी, हे तिला पटलं.

दुबईचं तिकीट काढलं. बुधवार पहाटे ४:२०, मधे अडीच तास, दुपारी दीडला पोच. हाँगकाँगपेक्षा बावीस हजार जास्त गेले पण येताना २९ तास ती बसली नसती.

उदगीरचा_गडी

चांगलं केलंत. आणि एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा. दुबई ५५ पूर्वेला आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिमेला, बेरीज १७७ च्या वर, म्हणजे मास्तरांचा दोरा इथं जवळजवळ नेमका उत्तर ध्रुवावरून जातो. विमान रोज वाऱ्याप्रमाणं थोडं इकडं तिकडं होईल, पण बहुतेक तिकडनंच जाईल. मे महिन्यात तिथं सूर्य मावळत नाही. सकाळी साडेआठला दुबई सोडलं की १६ तास उजेडच. खिडक्या बंद करून आत अंधार करतात, पण बाहेर दिवस.

भूगोल_मास्तर

३१ वर्षं शिकवलं, मी स्वतः ध्रुवावरनं गेलो नाही. परभणीची एक आई जायलीय. फार भरून आलं.

पूर्णाकाठ

मंडळी, आई सुखरूप पोचली. तुम्हा सगळ्यांना आधी सांगायचं होतं म्हणून आत्ताच लिहायलोय.

हिशेब देतो, कुणाच्या तरी कामी येईल. सोमवारी पहाटे पाचला परभणीत घर सोडलं, दुपारी ठाणे, रात्र मावशीकडं. मंगळवारी दिवसा तिथंच आराम, रात्री बाराला विमानतळ. दुबईचा टप्पा वेळेवर झाला. दुसरा टप्पा सोळाऐवजी पंधरा तास पस्तीस मिनिटांत संपला, एक वाजून पाच मिनिटांनी विमान उतरलं. इमिग्रेशनला पन्नास मिनिटं, पुढं बॅगा, आणि साडेतीनला बहिणीच्या घरात. आपल्या घड्याळानं गुरुवार पहाटे चार. घरापासून घरापर्यंत ७१ तास, त्यातले हवेत १९ सुद्धा नाहीत.

पुठ्ठ्यावर दोनदा बोट ठेवावं लागलं, एकदा जेवणाच्या ओळीवर आणि एकदा दुबईत नंबरच्या ओळीवर, तिथल्या खुर्ची ढकलणाऱ्या मुलानं स्वतःच्या फोनवरून बहिणीला लावून दिला. केरळचा होता म्हणे. आईनं त्याला लाडू दिला.

उदगीरच्या दादांनी सांगितलं होतं तरी ती तिन्हीसांजेची वाट बघत राहिली. घरी ती रोज दिवा लावून माळ ओढते. विमानात सारखी शेजारच्या बाईला खुणेनं खिडकीची पट्टी वर करायला लावायची आणि बघायची तर ऊनच, खाली सगळं पांढरं. शेवटी पोटात भूक लागली तशी ती म्हणाली आता झाली असेल संध्याकाळ, आणि तशीच माळ काढली.

बहिणीनं तिच्या हातातलं घड्याळ तिथल्या वेळेला लावायला घेतलं तर आई देईना. बाबांचं घड्याळ आहे ते, काट्यांचं. फोनवर मला म्हणाली, बदलायचं कशाला, अर्धा तास वजा करायचा आणि दिवसाची रात्र समजायची. माझ्याकडं आत्ता सकाळचे साडेनऊ झाल्यात बघ. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, दहा वाजले होते रात्रीचे.